शिष्यवृत्तीची म्हैस

बेळगावातल्या वडगावच्या त्या गल्लीत पहाटे साडेपाचला पहिला माग सुरू व्हायचा तो तम्मण्णाच्या घरचा, आणि मागाच्याही आधी कांडीचं मशीन. त्या मशीनसमोर पाट टाकून राजेश्वरी बसलेली असायची. मोठ्या रिळावरचं सूत धोट्यात बसणाऱ्या लहान कांड्यांवर गुंडाळून घ्यायचं, भरलेली कांडी काढायची, रिकामी लावायची, तुटला तर धागा जोडायचा. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. त्याच्या बदल्यात मागच्या खोलीचं तिच्या वाट्याचं भाडं पंधराशेचं सातशे होई. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हे चाललं होतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला धाग्यानं चिरा पडून पडून तिथली कातडी घट्ट झाली होती. प्रॅक्टिकलला काचेची नळी धरली की ती थंड आहे की गरम, हे त्या बोटाला कळत नसे.

डिसेंबर लागला होता. त्या सकाळी तम्मण्णाची बायको बायाक्का पदराला हात पुसत तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"राजू, जरा बंद कर गं ते."

राजेश्वरीनं बटण दाबलं. मशीन घरघरत थांबलं.

"पुढल्या म्हयन्यापासनं कांड्या भरायला नको बघ. चार मागांतलं दोन बंद ठेवल्यात. दिवाळीपासनं व्यापारी साड्या उचलंना झालाय. आता हाय तेवढ्या कांड्या मीच भरते."

"बरं आक्का."

"भाडं मातूर पुरं द्यावं लागंल. हे बोलणार हुते. मीच म्हटलं, पोरीला मी सांगते." बायाक्का वळली. "चा ठेवलाय. घिऊन जा."

राजेश्वरीनं चहा घेतला. त्या घरातला चहा मिळाला की सकाळचा एक चहा वाचायचा, म्हणून ती कधी नको म्हणत नसे. खोलीत आली तेव्हा नीलम आरशासमोर वेणी घालत होती. नीलम खानापूरकडची. तिचा भाऊ मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होता आणि दर सात तारखेला न चुकता तिच्या खात्यावर पैसे टाकायचा. दोघींत एक छोटा सिलिंडर होता. तो कोणी किती वापरला यावरून आजवर शब्द झाला नव्हता, पण गेल्या आठवड्यात नीलमनं भाताचा कुकर लावताना नुसतं म्हटलं होतं, "तुझ्या डाळीला लई शिट्ट्या लागत्यात गं." तेव्हापासून राजेश्वरी डाळ रात्रीच भिजत घालू लागली होती.

पैसे पुरवायची तिची रीत ठरलेली होती. तांदूळ घरचा, रेशनचा. बस बायकांना फुकट, त्यामुळं गावाला जायला आणि यायला खर्च नाही. भाजी बाजार उठताना घ्यायची. तेव्हा मऊ पडलेले टोमॅटो दहा रुपयांना पिशवीभर मिळत. झेरॉक्स काढायची नाही, नीलमच्या वहीचे फोटो काढून घ्यायचे. फोनचं रिचार्ज संपलं की दहा-बारा दिवस तसंच जाऊ द्यायचं, वाय-फाय कॉलेजच्या लायब्ररीत. चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला. घरून आप्पा महिन्याला दीड हजार पाठवायचे, गेल्या वर्षीच्या जुलैपासून. ते दिवाळीनंतर थांबले. फोनवर आप्पा म्हणाले होते, "म्हस आटली बाळ. आता रेडकू येईपातूर जरा दम धर."

तिनं दम धरला. आधी सकाळचा नाश्ता बंद केला. मग दुपारचा डबा अर्धा केला आणि मैत्रिणींसोबत बसायचं सोडून लायब्ररीच्या जिन्यात बसून खाऊ लागली. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा फी अठ्ठावीसशे साठ रुपये होती आणि शेवटची तारीख शनिवार. पेटीत साडेसहाशे होते.

आशा एका गोष्टीवर होती. शिष्यवृत्ती. बारावीची आणि डिग्रीच्या पहिल्या वर्षाची, दोन्ही वर्षांची अडकलेली. दर दोन महिन्यांनी ती शिष्यवृत्तीच्या ऑफिसच्या खिडकीवर जायची आणि खिडकीतला कारकून संगणकाकडं न बघता "नाळे बा" म्हणायचा, उद्या ये. उद्या गेलं की त्याच्या जागी दुसरा कुणी असायचा, किंवा सर्व्हर बंद असायचा. अर्ज कन्नडमध्ये भरायचा होता. ती कन्नड बोलायची बाजारापुरतं, लिहायला अडखळायची. एकदा तिनं भरलेला अर्ज त्यानं दोन बोटांत धरून मागच्या माणसाला दाखवला होता आणि दोघं हसले होते.

सोमवारी ती दीड तास रांगेत उभी राहिली. त्या दिवशी खिडकीत नवीन बाई होती. तिनं नंबर घातला, पडदा बघितला आणि मराठीतच म्हणाली, "तुझे तर आलेत की."

"न्हाई मॅडम. खात्यावर न्हाईत."

"हे बघ." बाईनं पडदा तिच्याकडं वळवला. "चोवीस हजार. गेल्या वर्षी जूनमधी. आधार ज्या खात्याला जोडलंय त्यात जातात. खात्याचे शेवटचे आकडे लिहून घे."

ते आकडे तिच्या कॉलेजच्या खात्याचे नव्हते. लिहून घेताना तिला आठवलं, आठवीत असताना निपाणीच्या बँकेत एक खातं उघडलं होतं. पासबुकावर तिचा फोटो, सही आप्पांची. त्या बँकेची शाखा बेळगावातही होती. तिथं दुपारी जेवायची सुट्टी संपेपर्यंत ती बाकावर बसली. मग एका साहेबानं तिचं आधार कार्ड बघून एक कागद छापून दिला. अकरा जूनला चोवीस हजार जमा. चौदा जूनला दहा हजार काढले, पंधराला दहा, सोळाला चार. निपाणीचं एटीएम.

"कार्ड कुणाकडं आहे?" साहेबानं विचारलं.

"घरात," ती म्हणाली.

बाहेर येऊन ती बँकेच्या पायरीवर बसली. कार्ड आप्पांकडं होतं. आणि गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, ती सुट्टीला घरी गेली तेव्हा, गोठ्याच्या रिकाम्या खुंट्याला एक म्हैस बांधलेली होती. कपाळावर पांढरा ठिपका, नाव चांदी. नुकतीच व्यालेली. एवढे पैसे कुठले म्हणून तिनं विचारलं होतं तेव्हा आप्पा वैरण टाकत म्हणाले होते, "तुज्या आईच्या बचत गटाचं चौदा, आणि माझं जमीवलेलं."

महिन्याचे दीड हजार त्याच्या पुढच्या महिन्यापासूनच यायला लागले होते.

*

मंगळवारी दुपारच्या बसनं ती निघाली. संकेश्वर गेलं, निपाणी आली, तिथून गावची बस. सगळ्या वाटेभर ती काय बोलायचं ते मनात जुळवत होती आणि दर वेळी पहिल्याच वाक्याला अडकत होती. गावात उतरली तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या.

घरात कुणी नव्हतं. गोठ्यात चांदी उभी होती, पोट दोन्ही अंगांनी सुटलेलं. राजेश्वरीला बघून तिनं मान हलवली नाही. थोड्या वेळानं आई आली. मंगलच्या डोक्यावर वाड्याचा भारा होता, तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, इतके की खाली तिचा चेहरा दिसत नव्हता. दारात येऊन तिनं मान वाकडी केली आणि भारा अंगावरून सोडून दिला. तो पडल्यावरही ती क्षणभर तशीच वाकून उभी राहिली, एक हात मानेवर ठेवून.

"कवा आलीस?"

"आत्ताच."

"वाळलीस गं." मंगलनं तिच्या दंडाला हात लावायला उचलला आणि परत घेतला. हात काळे होते. तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस चालू होते. दिवसभर खुडलं की चीक हातावर बसतो, काळा, डांबरासारखा, साबणानं निघत नाही. भाकरी खाल्ली तरी तोंडात कडू उतरतो.

"भाकरी मी करते," राजेश्वरी म्हणाली.

"कर. मी म्हशीला पाणी दाखीवते."

पाणी म्हणजे चार घागरी, रस्त्यापलीकडच्या बोअरवरून. मग वाडं तोडून बारीक करायचं, शेण उचलायचं, गोठा लोटायचा. राजेश्वरी चुलीपुढून बघत होती. आई वाकत होती, उठत होती, आणि उठताना दर वेळी डावा हात गुडघ्यावर टेकत होती. आप्पा आले तेव्हा अंधार पडायला लागला होता. तिचा बाप मारुती एका गवंड्याच्या हाताखाली कामाला जात होता. पापण्यांवर सिमेंट बसलेलं होतं. लेकीला बघून तो हसला, पण पिशवी खुंटीला अडकवताना त्याचं लक्ष तिच्या हातातल्या कागदाकडं गेलं. ती तो कागद घेऊनच उंबऱ्याजवळ बसली होती.

"काय ते?"

"बँकेचा कागद. माझ्या शिष्यवृत्तीचा."

मारुतीनं कागद घेतला नाही. हातपाय धुवायला गेला. धुऊन आला, पाटावर बसला, दोन घास खाल्ले. तिसरा घास हातात तसाच राहिला.

"सांगणार हुतो," तो म्हणाला.

"कवा आप्पा?"

"मोबाईलवर मेसेज आला. मी भावकूकडनं वाचून घेतला. चोवीस हजार आलं म्हणला." भावकू शेजारचा, गावात मोबाईल वाचून देणारा. "मी रातभर इचार केला. तुला दिलं तर ते सा म्हयन्यात सपलं असतं. कॉलेज, कापडं, हे ते. म्हस घेतली तर म्हयन्याला येत ऱ्हातंय. आलं का न्हाय? दीड हजार. एक म्हयना चुकीवला न्हाय मी."

"माझंच पैसं मला पाठवत हुता तुम्ही."

"व्हय. तुजंच."

"आणि मी इकडं अर्ज करत हुते. दीड वरीस. लोकं हसत हुती मला, आप्पा. सांगितलं असतं तर मी रांगत उभी न्हवते ऱ्हायले."

मारुतीनं घास ताटात ठेवला. "चुकलं," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "तू नको म्हणशील असं वाटलं." मग तो ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन म्हशीच्या दावणीजवळ बसून राहिला. बिडी पेटवली आणि ओढली नाही.

मंगल सगळं ऐकत भाकरी मोडत होती. मग ती ताटं घेऊन उठली आणि भांडी घासायला बसली.

*

बुधवारी राजेश्वरी आईबरोबर खुडायला गेली. दिवसाचे तीनशे मिळत होते, आणि घरात बसून आप्पांच्या समोर राहण्यापेक्षा ते बरं होतं. रान गावच्या मोठ्या शेतकऱ्याचं. तंबाखू छातीपर्यंत आलेली. शेंडा मोडायचा, बगलेतली फूट काढायची, पुढं सरकायचं. दव होतं तोवर पानं गार होती, ऊन वर आल्यावर चीक सुटायला लागला. दहा वाजेपर्यंत राजेश्वरीच्या मनगटापर्यंत काळं झालं. डोळ्याला घाम आला तो पुसायची सोय नव्हती. कोपरानं पुसला तरी डोळा चुरचुरला. आई दोन सऱ्या पुढं होती. एका लयीत चालली होती, पण सरीच्या टोकाला गेली की बांधावर हात टेकून श्वास घ्यायची.

बायकांची मुकादम बाळाबाई मागून येत बघत होती. राजेश्वरीच्या सरीत दोन फुटी राहिल्या होत्या. "शिकलेल्या पोरींस्नी ह्ये न्हाय जमत," बाळाबाई म्हणाली, रागानं नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. राजेश्वरी मागं गेली, त्या दोन फुटी काढल्या, परत आली.

दुपारी बांधावरच्या बाभळीखाली दोघी बसल्या. भाकरी हातात धरायला नको म्हणून आईनं ती फडक्यात धरून खाल्ली. तरी कडू लागलीच.

"आई, तुला ठावं हुतं?"

"काय?"

"म्हस माझ्या पैशाची हाय ते."

मंगलनं घास गिळला. "पैसं तुजं हुतं ते ठावं न्हवतं. म्हस माज्या गळ्यात येणार ते ठावं हुतं."

राजेश्वरीला हसू आलं नाही. आई हसतेय का म्हणून तिनं बघितलं, तर आईसुद्धा हसत नव्हती. ती समोर रानाकडं बघत होती, अजून किती सऱ्या राहिल्या ते मोजत असावी.

"आता काय करनार?" मंगलनं विचारलं.

"शनिवारी फी भरायची हाय. अठ्ठावीसशे. पुढल्या म्हयन्यापासनं भाडं डबल. हितनं येणारं थांबलंय. म्हस व्यायची कवा?"

"मार्चात."

"तोवर वैरण."

"तोवर वैरण," मंगल म्हणाली आणि फडकं झाडून उठली.

संध्याकाळी मारुती लवकर आला. हात धुतले, राजेश्वरीच्या समोर बसला आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एटीएम कार्ड आणि जुनं पासबुक काढून तिच्यापुढं ठेवलं. कार्डाच्या मागं पेनानं चार आकडे लिहिलेले होते.

"ह्ये तुजं तुज्याकडं ठेव. उद्या बाजार हाय. म्हस न्हेऊया. गाभण हाय, बरं येतील."

"आणि मार्चात दूध?"

"दूध सोड. तुजी फी."

"इकली तर आठ म्हयन्याचं दूध जातंय आप्पा. मी हिशेब केलाय. मार्चापासनं म्हयन्याला साडेचार हजार. फी दंड भरून पुढल्या आठवड्यातबी घेतात. मी कुणाकडनं तरी उसनं घेते."

"कुणाकडनं?"

मागण्यासारखी नीलम एकटीच होती, आणि नीलमला मागायचं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं.

"बाजारात न्हेऊ," मारुती म्हणाला. "किंमत तर कळंल. इकायची का न्हाय ते तू ठरीव. तुजी हाय ती."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला.

*

गुरुवारी पहाटे तिघं निघाले. मंगल खाडा करून आली होती, कारण चांदी तिच्याशिवाय चालत नसे. मारुतीनं दोर धरला की ती चारी पाय रोवून उभी राहायची. मंगल पुढं झाली आणि नुसतं "चल बया" म्हणाली की मागोमाग यायची. टेंपोचे सहाशे मागत होते म्हणून चालत. आठ किलोमीटर. रस्त्याच्या कडेनं धुकं होतं, गाड्या दिवे लावून जवळून जात होत्या. दोन ठिकाणी म्हैस थांबली आणि दोन्ही वेळा मंगलनं तिच्या मानेखाली खाजवलं. राजेश्वरीच्या चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा तुटला. ती चपला हातात घेऊन चालू लागली.

बाजारात उन्हं आली तेव्हा जनावरांची गर्दी झाली होती. दोघातिघांनी येऊन चांदीची कास बघितली, शेपटी उचलून बघितली, दात बघितले, पाठीवर थाप मारली, आणि गेले. एकजण म्हणाला, "म्हस म्हातारी झालीय." मारुती म्हणाला, "चौथंच वेत हाय." तो माणूस न ऐकता पुढं गेला. दहा वाजता शामू नावाचा दलाल एका शेतकऱ्याला घेऊन आला, चिकोडीकडचा, पांढरी टोपी, शांत माणूस. त्यानं म्हशीच्या पोटाला तळहात लावून बराच वेळ ठेवला. मग शामूकडं बघून मान हलवली.

शामूनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मारुतीच्या हातावर टाकला. टॉवेलाखाली दलाल मालकाची बोटं दाबतो. बोटांवरून किंमत कळते, बाजूच्यांना कळत नाही. मारुतीनं हात मागं घेतला.

"मी मालक न्हवं," तो म्हणाला.

"मग?"

"माजी पोरगी. तिच्या पैशाची हाय. तिला इचारा."

शामूनं राजेश्वरीकडं बघितलं. टॉवेल त्याच्या हातात लोंबत राहिला. पोरीचा हात टॉवेलाखाली धरायचा कसा, हे त्याला सुचेना. आजूबाजूचे दोघंतिघं बघायला लागले. शेवटी त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि घसा साफ केला.

"छत्तीस म्हणत्यात पावणं."

"सात म्हयन्यांची गाभण हाय," राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला बारीक वाटला. "गेल्या वेताला दोन्ही येळचं मिळून सात लिटर दिलंय. डेअरीचं कार्ड हाय. बघा."

तिनं पिशवीतून डेअरीचं कार्ड काढलं. टोपीवाल्या शेतकऱ्यानं ते हातात घेतलं आणि एकेक पान उलटून बघितलं. त्यानं घाई केली नाही. शामू बोलायला लागला तेव्हा त्यानं हातानं त्याला थांबवलं.

"चाळीस," तो म्हणाला. "माजं शेवटचं बेचाळीस. त्याच्यावर न्हाय. इकायची असंल तर सांग बाळ. न्हायतर माजी येळ जातीय."

बेचाळीस. राजेश्वरीच्या डोक्यात आकडे फिरले. चोवीस तिचे, चौदा गटाचे, वर चार. एका बाजूला ते. दुसऱ्या बाजूला मार्चपासून आठ महिने साडेचार हजार, त्यातून वैरण वजा, पेंड वजा. रात्रीपासून तिनं हे तीनदा मांडलं होतं आणि तिन्ही वेळा न विकण्यातच फायदा निघाला होता. ती नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर आईकडं गेली.

मंगल म्हशीच्या पलीकडं उभी होती. उभी म्हणजे म्हशीच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकून, त्यांवर हनुवटी ठेवून. तिचे काळे हात पुढं लोंबत होते. लोकांचं बोलणं ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. राजेश्वरीला जाणवलं, तिच्या हिशेबात वैरण होती, पेंड होती, दूध होतं. चार घागरी नव्हत्या. भारा नव्हता. पहाटेचं शेण आणि संध्याकाळचं शेण नव्हतं. कधी धरलंच नव्हतं ते.

"आई," ती म्हणाली. "तू सांग."

"मी?"

"व्हय. इकू का ठेवू?"

मारुतीनंही बायकोकडं बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. म्हशीचं, घराचं, रानाचं, कशाचं म्हणून कुणी तिला असं चारचौघांत विचारलं नव्हतं. मंगलनं हनुवटी उचलली. म्हशीच्या पाठीवरची एक गोचीड तिला दिसली, ती तिनं काढली, खाली टाकली, पायानं चिरडली. सगळे थांबले होते. राजेश्वरीला वाटलं, आई आता डोळ्याला पदर लावेल, ठेवा म्हणेल. बया बया करून चालवत आणलेली म्हैस.

"इका," मंगल म्हणाली.

"मार्चात दूध..." मारुती बोलायला लागला.

"खांदं दुखत्यात माजं. रातचं कुशीवर झोप न्हाय लागत." ती कुणाकडंच बघत नव्हती. "येल्यावर दोन टायमाची धार, रेडकू, आणि जास्ती वैरण. मला न्हाय हुईत आता. इका."

टोपीवाल्या शेतकऱ्यानं आपल्या टोपीला हात लावला आणि जमिनीकडं बघितलं. राजेश्वरी म्हणाली, "बेचाळीस. द्या."

नोटा मारुतीनं मोजल्या आणि एकही न ठेवता लेकीच्या हातात दिल्या. शामूनं आपले पाचशे शेतकऱ्याकडून वेगळे घेतले. राजेश्वरीनं तिथंच चौदा हजार वेगळे करून आईला दिले. मंगलनं ते मोजले नाहीत, कमरेच्या पिशवीत घातले आणि दोर सोडून शेतकऱ्याच्या हातात दिला. "फुडं फुडं चाला तिच्या," ती त्याला म्हणाली. "वडली तर यायची न्हाय."

शेतकरी पुढं झाला. चांदी दोन पावलं गेली, थांबली, आणि मग गेली.

वरच्या चारातले दीड हजार राजेश्वरीनं आप्पांच्या खिशात घातले. मारुती नको म्हणाला, पण काढून दिले नाहीत. परत येताना तिघं बसनं आले. मारुतीला तिकीट पडलं. मंगल खिडकीला डोकं टेकून झोपली होती, आणि गाव आलं तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं.

*

शुक्रवारी राजेश्वरीला नऊची बस गाठायची होती. ती सहाला उठली. अंथरुणात आई होती. एका कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, तोंड किंचित उघडं. राजेश्वरीच्या आठवणीत या वेळेला आईचं अंथरूण कायम घडी घातलेलं असायचं.

मारुतीनं अंगणात चूल पेटवून पाणी तापत ठेवलं होतं. जाळ नीट लागत नव्हता, धूर घरात शिरत होता. त्यानं सूप उचललं आणि हळूहळू वारा घातला. मग तो गोठ्यात गेला. तिथं करायला काही नव्हतं. रिकाम्या खुंट्याजवळ थोडं वाडं पडलं होतं, ते गोळा करून त्यानं भिंतीला लावलं.

साडेसात झाले. खुडणीला जाणाऱ्या बायका दारावरून गेल्या. बाळाबाईनं हाक मारायला तोंड उघडलं. राजेश्वरीनं ओठांवर बोट ठेवलं आणि आत झोपलीय असं हातानं दाखवलं. बाळाबाई क्षणभर उभी राहिली. "बरं न्हाय व्हय तिला?" तिनं हळू विचारलं.

"बरं हाय," राजेश्वरी म्हणाली. "झोपलीय."

बाळाबाईला ते कळायला जरा वेळ लागला. मग ती मान हलवून बाकीच्या बायकांमागं गेली.

राजेश्वरीनं चार भाकऱ्या केल्या, दोन फडक्यात बांधून पिशवीत घातल्या, दोन आईसाठी झाकून ठेवल्या. साडेआठला ऊन उंबऱ्यातून आत आलं, अंथरुणापर्यंत पोचलं, मंगलच्या काळ्या हातांवर पडलं. तिनं हात पांघरुणात घेतला आणि कूस बदलली.

मारुती दारात आला. "उठवू का? तू निघालीस की."

"नको," राजेश्वरी म्हणाली. तिनं पिशवी उचलली, आणि दार तसंच उघडं टाकलं तर ऊन आईच्या तोंडावर येईल म्हणून ते अर्धं लोटून घेतलं.